घोड्यांची ट्रॉली ओढायला ऑटोमॅटिक की मॅन्युअल?

ट्रॉलीत घोडी सगळा प्रवास उभ्यानं करते. सोयाबीनची पोती कशीही हलली तरी त्यांना काही होत नाही. घोडीला मात्र प्रत्येक ब्रेक, प्रत्येक वळण आणि प्रत्येक गिअर चार पायांवर झेलावा लागतो. ओढणारी गाडी ऑटोमॅटिक घ्यायची की मॅन्युअल, यावर आमच्या घरात बरेच महिने खल चालला, त्याचं मूळ हे. गाडी घ्यायची म्हटलं की लोक आधी ताकद विचारतात, मग ॲव्हरेज. आमचा प्रश्न घोडीच्या पायांचा होता.

आम्ही अहमदपूर भागातले. शेती आहे आणि आजोबांपासून घोड्यांचा नाद आहे. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठची सारंगखेड्याची यात्रा असते आणि वद्य चतुर्दशीपासून लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा. माळेगाव आम्हाला नांदेड रस्त्यावरच पडतं. सारंगखेडा मात्र पार नंदुरबार जिल्ह्यात. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई, छत्रपती संभाजीनगर, कन्नड, चाळीसगाव, धुळे असा पल्ला आणि वाटेत दोन घाट. मांजरसुंब्याचा घाट आपल्याला बालाघाटावरून बीडकडे खाली उतरवतो आणि कन्नडच्या पुढचा औट्रम घाट मराठवाड्याच्या पठारावरून खानदेशात. म्हणजे जाताना दोन्हीकडे उतार आणि येताना, जनावरं आणि माणसं दोन्ही थकलेली असताना, दोन्हीकडे चढ.

पूर्वी घोड्या भाड्याच्या टेम्पोतून जायच्या. डाला उंच, त्यामुळे चढवायला कुठं बांध, कुठं मातीचा ढीग शोधत फिरावं लागायचं. उतरवताना घोडी बिचकली की मोतद्दाराच्या, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याच्या, हातातून मोरकी सुटायची भीती. म्हणून दोन घोड्यांची बुटकी ट्रॉली बांधून घेतली : मागं उतरता फळा, दोन ॲक्सल, तिचा तिचा ब्रेक. आरटीओत तिची नोंदणी वेगळी, नंबरही वेगळा. लातूरला वजनकाट्यावर नेऊन दोनदा वजन केलं. रिकामी ८८० किलो. दोन्ही घोड्या, कडब्याच्या पेंढ्या, चंदीचं म्हणजे दाण्याच्या खुराकाचं पोतं आणि पाण्याचे कॅन धरून १,७४० किलो. हा आकडा हातात नसेल तर गाडीची चर्चा सुरूच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अंदाजानं सगळेच ‘दीड टन असंल’ म्हणतात. ट्रॉलीचं जे वजन भरतं त्याचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या हुकवर यावा लागतो. फार कमी आला तर ट्रॉली मागून डुलते, फार जास्त आला तर ओढणाऱ्या गाडीची पुढची चाकं हलकी होतात. घोडी एक पाऊल पुढंमागं उभी राहिली तरी हा हिशोब बदलतो, म्हणून छातीपट्टीचा दांडा नेमका कुठं बसवायचा हे आम्ही वजनकाट्यावरच ठरवलं.

तेव्हा ओढायला जुनी मॅन्युअल पिकअप होती. चालवायला मामा. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ, आयुष्य ट्रक चालवण्यात गेलेलं; हात इतका मऊ की शेजारी बसलेल्याला गिअर पडल्याचं कळत नाही. सारंगखेड्याहून परतताना मांजरसुंब्याच्या चढावर ऊसवाहतुकीची रांग लागली होती. गाळप हंगामात हे ठरलेलंच : दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चढावर जीव काढत असतात आणि मागं सगळं थांबलेलं. दहा पावलं पुढं, थांबा. पुन्हा दहा पावलं. प्रत्येक वेळी हँडब्रेक, हाफ क्लच म्हणजे अर्धवट सोडलेला क्लच, ॲक्सिलेटर. थोड्याच वेळात क्लच जळायचा तो कडवट वास आला आणि ट्रॉलीत मोठी घोडी टापा आपटायला लागली. प्रत्येक सुरुवातीला गाडी इंचभर मागं यायची, मग हिसका बसून पुढं जायची. मामांच्या पायात काही कमी नव्हतं. चढावर पावणेदोन टन मागं घेऊन उभं राहायचं आणि पुन्हा निघायचं, याची किंमत क्लच प्लेटच देते. ती वाचवायची तर पटकन क्लच सोडावा लागतो, म्हणजे घोडीला हिसका. घोडीला वाचवायचं तर हाफ क्लच लांबवावा लागतो, म्हणजे प्लेट जळणार. पाय कितीही तयार असला तरी या दोन्हींतलं एकच वाचतं.

अहमदपूरच्या मिस्त्री चाचांनी गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मी तिथंच उभा होतो. प्लेटचं अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालेलं, रिव्हेटची डोकी वर आलेली, आणि फ्लायव्हीलवर तापून पडलेले निळे डाग. चाचांनी बोट फिरवून दाखवलं. म्हणाले, “भाऊ, ओझं ओढून प्लेट एवढी मरत नाही. उठताना मरते.” हे वाक्य मला पुढं फार उपयोगी पडलं. सरळ रस्त्यावर टॉप गिअरमध्ये क्लच पूर्ण धरलेला असतो, तिथं घसरण नाही. सगळी झीज त्या पहिल्या काही फुटांत होते. म्हणून तुलना करायची ती पहिल्या काही फुटांची.

इथून ऑटोमॅटिकचा विषय निघाला. पहिल्यांदा घरात जो गोंधळ झाला तो सगळीकडेच होताना दिसतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पुतण्याच्या छोट्या कारमध्ये क्लच पेडल नाही, म्हणून ती ‘ऑटोमॅटिक’. पण ती एएमटी. एएमटीत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधीच कोरडी क्लच प्लेट असते. फक्त पायाऐवजी यंत्र क्लच दाबतं आणि हाताऐवजी यंत्र गिअर टाकतं. शहरात गुडघा वाचवायला उत्तम. पण चढावर ओझं घेऊन निघताना प्लेट तशीच घासते, तशीच तापते, आणि गिअर बदलताना मधे जो खंड पडतो तो घोडीला कळतोच. ओढण्याच्या कामाला ऑटोमॅटिक म्हणताना मी जे म्हणतोय ते टॉर्क कन्व्हर्टरचं.

त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात घासणारी प्लेट नसते, तेल असतं. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरायला लागतो, तसं एका बाजूची पाती तेल फेकतात आणि त्या तेलाच्या जोरावर दुसरी बाजू फिरते. मधल्या स्टेटर नावाच्या पात्यांच्या चक्रामुळे परतणारं तेल योग्य दिशेनं वळतं आणि गाडी जागेवरून उठताना इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, साधारण दुपटीच्या आसपास वाढून पुढं जातो. म्हणजे जिथं क्लच प्लेट मरते, नेमकं तिथंच कन्व्हर्टर सगळ्यात जास्त जोर देतो. वेग आला की आत एक लॉक-अप क्लच बसतो, घसरण थांबते आणि गाडी जवळजवळ मॅन्युअलसारखी सरळ जोडली जाते. या सोयीची किंमत उष्णतेत मोजावी लागते. लॉक-अप सुटलेला असताना सगळी घसरण तेलात तापत राहते. ते तेल थंड ठेवणं हेच या गिअरबॉक्सचं आरोग्य.

आपल्याकडे फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी, डिझेल पिकअप, तीही दोन्ही गिअरबॉक्समध्ये, म्हटलं की नावं मोजकीच. टोयोटा हायलक्स २०२२ मध्ये भारतात आली. तिच्यात २.८ लिटरचं इंजिन आहे. मॅन्युअलमध्ये ४२० न्यूटन-मीटर टॉर्क आणि ऑटोमॅटिकमध्ये ५००. इंजिन तेच, आकडा वेगळा. चाचांना हे सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, “मॅन्युअलच्या प्लेटीला जपायलेत ते.” इसुझू व्ही-क्रॉसमध्ये १.९ लिटरचं इंजिन, १६३ पीएस ताकद आणि ३६० न्यूटन-मीटर टॉर्क, सहा गिअर; मॅन्युअल असो वा ऑटोमॅटिक, आकडे तेच. मला हे फार सोयीचं वाटलं. ताकद सारखी, वजन जवळपास सारखं, फरक फक्त गिअरबॉक्सचा. तुलना करायची तर अशाच दोन गाड्यांची.

शोरूमवाल्यांनी चाचणीच्या गाडीला ट्रॉली जोडू द्यायला नकार दिला. त्यांचा नाइलाज समजण्यासारखा आहे, पण रिकामी गाडी गुळगुळीत रस्त्यावर फिरवून ओढण्याचा निर्णय घेता येत नाही. शेवटी पाहुण्यांतलीच मॅन्युअल मिळाली आणि लातूरच्या एका स्नेह्यांनी त्यांची ऑटोमॅटिक दिली. ट्रॉली तीच, घोड्या त्याच, चालवायला दोन्हीकडे मामा आणि थोडा वेळ पुतण्या, रस्ता अंबाजोगाईचा. ट्रॉलीच्या पुढच्या जाळीला फोन बांधला, कॅमेरा घोडीच्या पुढच्या पायांकडे. टॉर्क, ॲव्हरेज, गिअर, कशाबद्दलही मतं अनेक असतात. घोडीच्या पायांचं चित्र सगळ्यांना सारखंच दिसतं.

घरी येऊन दोन्ही चित्रणं घरातल्या वडीलधाऱ्या आण्णांसोबत पाहिली. सपाट रस्त्यावर मामांच्या हातातली मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक यांत फरक शोधावा लागत होता. कडब्याची जाळी दोन्हीकडे सारखीच हलत होती. मामांना याचा अभिमान वाटला, आणि वाटायलाच हवा. पण गाडी पुतण्यानं चालवली त्या तुकड्यात मॅन्युअलच्या प्रत्येक गिअरला घोडी पुढचे पाय फाकवते, मान वर करते, पुन्हा जागेवर येते. ऑटोमॅटिकमध्ये पुतण्या चालवत असूनही तिचे पाय जवळजवळ जागचे हलत नाहीत. म्हणजे ऑटोमॅटिक घेऊन मामांचा हात सुधारणार नव्हता. पुतण्याचा सुधारणार होता. आणि पुढची वीस वर्षं गाडी कोण चालवणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

चढावर थांबून निघतानाचं चित्र मात्र मामांच्या हातातही वेगळं होतं. मॅन्युअलमध्ये हिल होल्ड होता, गाडी मागं येत नव्हती, तरी उचलताना घोडीचा मागचा भार फळ्यावर गेला. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक सोडला, ॲक्सिलेटर दाबला, आणि घोडीनं कान फक्त मागं फिरवले.

सगळ्यात मोठा फरक आम्हाला अपेक्षा नव्हती तिथं सापडला : रिव्हर्समध्ये. ट्रॉली मागं घेणं म्हणजे मुंगीच्या गतीनं, उलटं स्टेअरिंग फिरवत, पाच-दहा वेळा थांबत. यात्रेच्या मैदानात दोन तंबूंच्या मधल्या जागेत ट्रॉली घालायची, शेजारी दुसऱ्याचं शिंगरू बांधलेलं. मॅन्युअलमध्ये हे सगळं हाफ क्लचवर. ऑटोमॅटिकमध्ये आर टाकून नुसता ब्रेक ढिला-घट्ट करायचा. गाडी आपोआप सरकते आणि लक्ष पूर्ण आरशात राहतं. मॅन्युअल असेल तर माझा सल्ला असा की मातीवर, शेतात, ओलीत फोर-लो, म्हणजे चारही चाकांचा सगळ्यात हळू टप्पा, टाकून मागं घ्या. गाडी पहिल्या गिअरच्याही खाली सरकते आणि क्लच पूर्ण सोडता येतो. डांबरावर मात्र फोर-लो टाकू नका. पुढची-मागची चाकं वळणावर वेगळी फिरू पाहतात आणि सगळा ताण आतल्या दांड्यांवर येतो.

आता मॅन्युअलची बाजू. ती हलकी नाही, आणि आण्णांनी ती शेवटपर्यंत लावून धरली. “रस्त्यात बिघडली तर हे कोण उघडायलंय आपल्याकडं?” हा त्यांचा प्रश्न. खरंच आहे. क्लच प्लेट अहमदपूरला, केजला, गेवराईला, कुठंही बदलून मिळते. एका दिवसाचं काम. ऑटोमॅटिकच्या आतले तेल वळवणारे भाग, म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी, सोलेनॉइड, हे आपल्या मिस्त्रींच्या हातातलं काम नाही, आणि बिघडलं तर खर्चाचा आकडा क्लचच्या कितीतरी पट. बॅटरी बसली तर मॅन्युअल गाडी ढकलून चालू करता येते, ऑटोमॅटिक येत नाही. टोचन लावून ओढत नेणंही ऑटोमॅटिकला चालत नाही, कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्समधला तेलपंप फिरत नाही. चाकं फिरली तर आतलं सगळं कोरडं घासतं. तिला फ्लॅटबेडवरच घालावं लागतं. रात्री गेवराईच्या पुढं कुठंतरी, मागं दोन घोड्या, आणि फ्लॅटबेडची वाट बघत उभं राहणं, हे चित्र आण्णांना नको होतं. मलाही नको होतं.

उताराचाही प्रश्न होता. ट्रकवाल्यांचा जुना नियम आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. मॅन्युअलमध्ये तिसरा टाकला की तो तिसराच राहतो, इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक थंड राहतो. ऑटोमॅटिक डी मध्ये, म्हणजे स्वतः गिअर निवडायच्या खुणेवर, सोडली तर उतारावर ती वरचा गिअर पकडू शकते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मागं पावणेदोन टन असताना हे धोक्याचं. यावर उपाय गिअर लिव्हरमध्येच आहे : मॅन्युअल मोडमध्ये तिसरा किंवा दुसरा धरून ठेवायचा. पण तो घाट सुरू व्हायच्या आधी धरायचा, वेग वाढल्यावर नाही. मामांनी ही गोष्ट एका फेरीत पकडली. ज्यांनी आयुष्यभर ऑटोमॅटिक शहरात चालवली आहे त्यांना ती सांगून शिकवावी लागते, असा माझा अनुभव आहे.

शेवटी ऑटोमॅटिक घेतली. निर्णय आण्णांच्या होकारानंच झाला, आणि त्यांच्या शंकांना उत्तरं देऊन झाला. कंपनीकडून ओढण्याचं वजन लेखी घेतलं. बॅटरीसाठी जंप स्टार्टरचा डबा गाडीत कायम. सारंगखेड्याच्या वाटेवर बीड, संभाजीनगर आणि चाळीसगाव अशा तीन ठिकाणी जनावरं नेऊ शकेल अशा टेम्पोवाल्यांशी आधीच बोलून ठेवलं, म्हणजे गाडी अडली तरी घोड्या रस्त्यावर अडकणार नाहीत. माझ्या मते ही व्यवस्था मॅन्युअलवाल्यानंही करावी. रेडिएटर फुटायला गिअरबॉक्स कोणता हे विचारत नाही.

पहिल्या सारंगखेड्याच्या फेरीत औट्रम घाट सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत उतरलो. कन्नड सोडल्यावर मामांनी चहा घेतला, ट्रॉलीचा हुक, साखळी आणि दिव्यांची वायर पुन्हा एकदा हातानं ओढून बघितली, आणि घाटाच्या तोंडावरच गिअर तिसऱ्यात धरला. वळणावळणाला ब्रेक थोडा थोडा लावायचा, दाबून धरायचा नाही. खाली येऊन थांबलो तेव्हा मी चाकांजवळ हात नेऊन पाहिला. गरम होतं, पण वास नव्हता. ट्रॉलीत मोठी घोडी कडबा खात होती. प्रवासात घोडी खाते म्हणजे तिला भीती नाही, हे घोडेवाल्यांना सांगायला नको.

येताना तोच घाट चढायचा होता आणि वर एक टेम्पो बंद पडलेला, त्यामुळे रांग. तीच गोष्ट, दहा पावलं आणि थांबा. इथं एक काम मी स्वतः लक्षात ठेवून करतो : फार हळू चढताना डी वर सोडायची नाही, खालचा गिअर धरायचा. इंजिन थोडं जास्त फिरतं, आवाज येतो, पण लॉक-अप बसायची शक्यता वाढते आणि तेल कमी तापतं. रांग लांबली तर ॲक्सिलेटरवर गाडी तोलून धरायची नाही, ब्रेकवर उभी करायची. चढावर ॲक्सिलेटरनं गाडी जागेवर धरणं हे ऑटोमॅटिकमधलं हाफ क्लच आहे, कन्व्हर्टर त्यात उकळतो. मामांनी त्या रांगेत एकदाही मागं वळून घोड्यांकडे पाहिलं नाही. मांजरसुंब्याला ते फक्त एवढंच म्हणाले, “पाय दुखंना आज.”

ॲव्हरेज थोडं कमी मिळतं, हे मान्य. किंमतही जास्त मोजली. ज्याला विटा, खत, सोयाबीन ओढायचंय, ज्याचा रस्ता सपाट आहे आणि चालवणारा हात तयार आहे, त्याला मी आजही मॅन्युअलच घ्यायला सांगतो, आणि सांगितलंही आहे. उदगीरच्या एका घोडेवाल्यांनी विचारलं तेव्हा मात्र त्यांना आधी दोन प्रश्न केले : वाटेत चढावर थांबावं लागतं का, आणि गाडी नेहमी एकच माणूस चालवतो का. पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही असेल तर टॉर्क कन्व्हर्टर.

देखभालीत एकच गोष्ट मी सक्तीनं पाळतो. गिअरबॉक्सचं तेल पुस्तकात साध्या वापरासाठी दिलेल्या मुदतीवर सोडत नाही. ओझं ओढणाऱ्या गाडीला ते लवकर बदलायचं, कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचं, आणि काढलेलं तेल पांढऱ्या कागदावर टाकून बघायचं. लालसर असेल तर ठीक. काळं पडलं असेल आणि जळका वास असेल तर पुढच्या घाटाआधी थांबायचं. रेडिएटरच्या पुढची ऑइल कूलरची जाळी धुळीनं, कापसाच्या तंतूंनी भरते, ती यात्रेआधी पाण्यानं धुतो, मऊ फवाऱ्यानं, पाती वाकणार नाहीत अशी. ट्रॉलीचा ब्रेक त्याच दिवशी तपासायचा, टायरमध्ये हवा भरायची, आणि वजनकाट्यावर एकदा जाऊन यायचं, कारण धाकटी घोडी यंदा चांगलीच भरली आहे.